दरवर्षी झाडं लावून झाली, आता जंगलासाठी आम्ही पोरांनी नक्की काय करायचं? (नाशिक)

रानवेडी_म्हसरूळ

नमस्कार सगळ्यांना. मी म्हसरूळला राहते, बीएस्सी सेकंड इयर, बॉटनी. कॉलेजमधली आणि कॉलनीतली मिळून आमचा वीस-पंचवीस पोरापोरींचा ग्रुप आहे, रविवारी चामरलेणी, रामशेज, कधी अंजनेरी असं फिरता फिरता जमलेला. सगळ्यांना जंगलासाठी काहीतरी खरं काम करायचंय पण कुणालाही विचारलं की एकच उत्तर मिळतं, जूनमध्ये झाडं लावा. झाडं लावण्यात वाईट काहीच नाही पण मी लहान असल्यापासून बघतेय, त्याच टेकडीवर दर पावसाळ्यात नवीन खड्डे, नवीन बॅनर, आणि मार्च आला की वणवा लागून सगळं काळं. सरकारने २०१६ ला २ कोटी, मग ४ कोटी, मग १३ आणि २०१९ ला ३३ कोटी रोपांचं टार्गेट घेतलं होतं ना, तेव्हा आम्ही शाळेत होतो, आम्हालाही रांगेत उभं करून एकेक रोप लावायला दिलेलं. त्या रोपाचं पुढे काय झालं हे बघायला परत कुणी नेलं नाही, आणि मला ते आजही खटकतं.

आता ग्रुपमध्ये दोन मतं आहेत. काही जण म्हणतात एनएसएस मधूनच करू, तासही भरतात आणि सर्टिफिकेटही मिळतं. बाकीचे म्हणतात एकच डोंगर धरायचा आणि पाच-दहा वर्षं सोडायचा नाही. मी दुसऱ्या बाजूला आहे पण डोंगर धरायचा म्हणजे नेमकं करायचं काय ते कुणालाच सांगता येत नाहीये. परवानगी कुणाची लागते, वणव्यात आम्ही उतरू शकतो का, गावातल्या लोकांशी बोलायचं कसं (ग्रुपमधले एक-दोन जण सरळ म्हणतात की आग गाववालेच लावतात, मला ते पटत नाही), आणि आम्हाला फक्त खड्डे खणायला न बोलावता जिथे ठरतं तिथे बसायला कधी मिळणार? पावसाळा आत्ताच संपलाय, गवत कमरेएवढं उभं आहे, म्हणून आत्ताच विचारतेय. ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

सातपूरचा_काका

पोरी, तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी कंपनीतून रिटायर झालो, पण त्याआधीपासून सुट्टीच्या दिवशी डोंगरावर जातो. आमच्याकडे सातपूरला फाशीच्या डोंगरावर नाशिक देवराई आहे, आपलं पर्यावरण संस्थेने २०१५ ला वनखात्याच्या जागेवर लोकांना हाताशी धरून सुरू केलेली. ती एकदा नीट फिरून बघ, आणि फिरताना किती झाडं लागली हे मोजू नको, लावल्यानंतरच्या उन्हाळ्यांत ती कशी जगवली ते तिथल्या लोकांना विचार. रोप लावणं हे एका सकाळचं काम आहे, पुढचे किमान तीन उन्हाळे पाणी, आळं, भोवतीचं गवत काढणं, गुरं आवरणं आणि आग अडवणं हे खरं काम. ह्यात आग सगळ्यात वरती ठेव, कारण बाकी सगळं चुकलं तरी थोडी झाडं वाचतात, वणवा आला की एका दुपारी सगळं जातं.

आणि वणव्याचं काम आग लागल्यावर सुरू होत नाही, ते आत्ता सुरू होतं. दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागलं की जाळरेषा काढायची. म्हणजे डोंगराच्या कडेने, पायवाटेच्या आणि रस्त्याच्या बाजूने काही मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून, पालापाचोळा ओढून एकदम साफ करायचा, जेणेकरून रस्त्यावरून कुणी विडी टाकली किंवा शेजारच्या बांधावरची आग सरकत आली तरी त्या पट्ट्यावर येऊन तिला खायला काही मिळत नाही. पट्टा जाळून साफ करायचा असेल तर तो वनखात्याचे लोक हजर असतानाच, स्वतःहून काडी लावायची नाही, राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. तुमच्यासारखी वीस-पंचवीस पोरं नोव्हेंबर ते जानेवारी दर रविवारी दोन-तीन तास विळे घेऊन उतरली तर एका टेकडीचा पट्टा आरामात होतो. ह्याचे फोटो चांगले येत नाहीत म्हणून ह्याला कुणी येत नाही. तुम्ही या.

अजून एक, बिया. मार्चपासून मेपर्यंत त्याच डोंगरावरच्या झाडांच्या बिया गोळा करा, बाहेरून रोपं विकत आणण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. बहाव्याचं बी फार टणक असतं, गरम पाण्यात घालून रात्रभर ठेवलं किंवा थोडं घासलं तर उगवतं. मोहाचं उलट, ते बी ठेवून चालत नाही, गोळा केलं की लगेच लावायचं. गिरीपुष्प आणि सुबाभूळ फुकट मिळतंय म्हणून लावू नका, पटकन हिरवं दिसतं पण आपल्या पक्ष्या-कीटकांना त्याचा उपयोग थोडा आणि पसरतं फार. हे सगळं तू बॉटनीची आहेस म्हणून तुला जास्त कळेल.

पेठची_लेक

मी पेठ तालुक्यातली, कोकणा समाजाची, नाशिकला शिकते. वरच्या ताईने लिहिलंय की ग्रुपमधले काही जण म्हणतात आग गाववालेच लावतात, त्यावर मला लिहायचंय आणि थोडं मोठं होईल.

आमच्याकडे राब भाजतात. शेताच्या एका तुकड्यावर शेण, पाला, फांद्या, गवत असं थरावर थर पसरून उन्हाळ्यात भाजायचं, मग पावसाला त्या जागेवर नागलीचं किंवा भाताचं रोप टाकायचं, रोप जोमदार येतं आणि तण कमी होतं. ही शेती आहे, वणवा नाही. राब भाजताना आमचे म्हातारे वारा बघतात, कडेने जागा साफ करून घेतात, पाणी आणि पाल्याचे डहाळे जवळ ठेवतात. कधी हातातून सुटते का तर हो सुटते, आणि मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात त्यातूनही पसरते, हे मी नाकारणार नाही. पण ससे-रानडुकरं उठवायला आग लावणारे, नवीन गवत चांगलं फुटेल म्हणून लावणारे, डोंगरावर पार्टी करून चूल तशीच सोडून जाणारे शहरातले, रस्त्यावरून सिगारेट टाकणारे, सगळ्यांना एकाच नावाखाली टाकायचं आणि ते नाव आदिवासीचं असायचं हे चालणार नाही. जंगल जळालं तर सगळ्यात आधी आमच्या आयांचं नुकसान होतं, सरपण, मोह, रानभाजी सगळं त्यातच असतं.

आणि मालकी. २००६ चा वनहक्क कायदा वाचा, नुसता वैयक्तिक पट्ट्यांचा भाग नको, सामूहिक वनहक्काचा वाचा. ग्रामसभेला तिच्या पारंपरिक हद्दीतलं जंगल राखायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ ला सुमारे १,८०० हेक्टरवर असा हक्क मिळाला. आमच्या भागातली किती माणसं २०१८ ला सीबीएसवरून म्हणजे नाशिकच्या मुख्य बसस्टँडवरून मुंबईपर्यंत पायी चालत गेली ते नाशिककरांनी डोळ्याने बघितलंय, त्या मोर्चातली एक मुख्य मागणी वनजमिनीचीच होती. तेव्हा तुम्ही एखादा डोंगर धरायला निघाला असाल तर आधी बघा तो कुणाच्या ग्रामसभेचा आहे, कारण कदाचित त्याला आधीच कुणीतरी धरलेलं असेल आणि तुम्हाला फक्त त्यांच्याबरोबर उभं राहायचं असेल.

लांब जायचं नसेल तर धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघून या, नाशिकहून एका दिवसात होतं. चैत्राम पवारांनी गावाला बरोबर घेऊन नव्वदच्या दशकापासून जंगल राखलं, कुऱ्हाडबंदी केली, नियम मोडला तर दंड, आणि तो सगळा निर्णय गावाचा. २०२५ ला त्यांना पद्मश्री मिळाली. सुरुवात केली तेव्हा ते पण तरुणच होते आणि गावातलेच होते, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तिथे दरवर्षी वनभाज्यांची स्पर्धा असते, बायका रानातल्या भाज्या शिजवून आणतात. तुमच्या ग्रुपला नेतृत्व शिकायचंय ना तर त्या बायकांचं ऐका, कुठली भाजी कुठल्या वळणावर येते आणि कुठून येणं बंद झालं हे त्यांना तोंडपाठ असतं.

काळजीवाहू_आई

माझा मुलगा पण असल्याच ग्रुपमध्ये आहे म्हणून विचारते. मुलांची तळमळ मला कळते, अडवायचं नाहीये. पण आग, साप, बिबट्या, कड्यावरून घसरणं ह्याची जबाबदारी कोण घेणार? मागे एका ग्रुपने मुलांना न सांगता न सवरता दुपारी आग विझवायला नेलं होतं, पायात चपला, अंगात नायलॉनचे टीशर्ट. काही झालं नाही ते नशीब. जाणकारांनी हेही लिहा.

बीटवरून

ताई तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे, आधी त्याचंच उत्तर देतो. मी वनरक्षक आहे, नाशिक जिल्ह्यातच, नाव-गाव लिहीत नाही.

ट्रेनिंग नसलेल्या पोरांनी पेटत्या आगीवर जायचं नाही. ज्यांना यायचंय त्यांनी आधी आमच्याबरोबर दोन-चार वेळा जाळरेषेवर काम करावं, मग लहान आगीवर मागच्या फळीत, आणि तेही १८ च्या वरच्यांनीच. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, डोक्याला आणि तोंडाला ओला रुमाल, पाणी, टॉर्च. आग उताराने खाली हळू येते आणि चढावर झपाट्याने पळते त्यामुळे आगीच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नाही, कधीच नाही. जळून गेलेल्या काळ्या बाजूने कडेकडेने झोडपत जायचं म्हणजे मागे हटायला जागा राहते. वाऱ्याची दिशा बदलली की सगळे मागे, कुणी हिरोगिरी करायची नाही. एक माणूस फक्त माणसं मोजायला ठेवायचा.

आता परवानगी. राखीव जंगलात काहीही करायचं, अगदी झाड लावायचं असलं तरी आरएफओ साहेबांना म्हणजे वनक्षेत्रपालांना लेखी द्यावं लागतं. तुमच्या कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीने द्या, त्यात ग्रुपमधल्यांची नावं, वय, ब्लड ग्रुप, घरचा नंबर, आणि कुठल्या महिन्यात काय करणार ते लिहा. आम्ही काहीतरी करू इच्छितो एवढंच लिहिलं की ते पत्र फाईलला लागतं. नोव्हेंबर ते जानेवारी अमुक टेकडीच्या अमुक बाजूला दर रविवारी जाळरेषा, फेब्रुवारी ते मे आठवड्यातून दोनदा संध्याकाळी गस्तीला माणसं, असं लिहिलं की साहेब लगेच बीटवाल्याला म्हणजे त्या भागाच्या वनरक्षकाला बोलवतात. माझा अनुभव हाच आहे. एका बीटला वनरक्षक एकच असतो हो, डोंगर तीन आणि माणूस एक, त्यात एका टोकाला धूर दिसला की दुसऱ्या टोकाला कोण बघणार? तुमच्यासारखे डोळे मिळाले तर आमचं अर्धं काम हलकं होतं.

भारतीय वन सर्वेक्षणाची आगीची सूचना मोबाईलवर एसएमएसने येते, उपग्रहावरून टिपलेली, त्यांच्या साईटवर सामान्य माणसालाही नाव नोंदवता येतं, आपला भाग निवडायचा. ती यायला थोडा वेळ लागतो म्हणून डोंगरासमोर राहणाऱ्या माणसाचा फोन त्याहून लवकर पोचतो. धूर दिसला की १९२६ लावा, वनविभागाचा टोल फ्री आहे.

बिबट्याचं म्हणाल तर शहरात बिबट्या आला की सगळ्यात मोठा धोका गर्दीचा असतो. तिथे पोरांनी व्हिडिओ न काढता लोकांना मागे सरकवलं, अफवा थांबवल्या, तर रेस्क्यू टीमला फार मदत होते. हे पण पर्यावरणाचंच काम समजा.

माळरान

बाकी सगळ्यांचं पटलं, एकच भर घालतो. प्रत्येक मोकळी जागा झाडं लावायला नसते. येवल्याजवळ ममदापूरला काळवीट आहेत ते गवताळ माळावर आहेत, तिथे दाट झाडी केली तर काळवीट जाणार कुठे? अंजनेरीच्या पठारावर पण तेच. सिरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात तिथूनच २००६ मध्ये शास्त्रात नोंदली गेली, पावसाळ्यातले काही आठवडे ती वर दिसते आणि उरलेलं वर्ष जमिनीखाली कंद. वरून बघणाऱ्याला ते ओसाड पठार वाटतं, मग कुणाला तिथे खड्डे घ्यावेसे वाटतात, कुणाला रस्ता न्यावासा वाटतो. अंजनेरीच्या रस्त्याला आणि रोपवेला लोकांनी विरोध केला त्यात ही फुलं आणि कड्यातली लांब चोचीची गिधाडं हाच मुद्दा होता, आणि तो मुद्दा मांडता आला कारण कुणीतरी आधी वर्षानुवर्षं वर जाऊन नोंदी ठेवल्या होत्या.

म्हणून म्हणतो नोंदी ठेवा. पक्षी दिसला तर ई-बर्डवर, झाडं-फुलं-किडे आय-नॅचरलिस्टवर. फक्त गिधाडाचं घरटं, दुर्मिळ ऑर्किड, कंदीलपुष्प ह्यांची नेमकी जागा पब्लिक करू नका, रीलमध्ये तर अजिबात नको. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी मोजणी होते तिथे नवशिक्यांना जुन्या लोकांबरोबर उभं राहून शिकता येतं, आणि ती राज्यातली पहिली रामसर जागा म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे हे कितीतरी नाशिककरांना माहीतच नाही.

गिधाडांसाठी तर कड्यावर जायचीही गरज नाही. जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची किडनी निकामी करतं, म्हणून २००६ ला जनावरांसाठी त्यावर बंदी आली, २०२३ ला किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवर पण. तुमच्यातल्या ज्यांच्या मामा-काकांकडे गोठा आहे त्यांनी गावात जाऊन गुराला कुठलं इंजेक्शन देतात एवढं विचारलं तरी ते गिधाडांचं काम झालं.

लॉ_दुसरं_वर्ष

ताईचा शेवटचा प्रश्न होता की जिथे ठरतं तिथे बसायला कधी मिळणार. बोलावणं येण्याची वाट बघू नका, कायद्याने काही दारं आधीच उघडी आहेत.

शहरातलं झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली नोटीस लावावी लागते, पेपरात आणि झाडावर, आणि कुणीही नागरिक हरकत घेऊ शकतो. मुदत फार थोडी असते म्हणून रोज बघणारं कुणीतरी पाहिजे, हे तुमच्या ग्रुपमधल्या दोघांना वाटून द्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरची झाडं हेरिटेज धरली जातात, तर आपल्या प्रभागातल्या जुन्या वडा-पिंपळा-चिंचांची बुंध्याच्या मापासकट यादी आत्ताच करून ठेवली तर हरकतीच्या वेळी धावपळ होत नाही. २०२५ च्या शेवटी तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा नाशिकमधली पोरं मोठ्या संख्येने उतरली, झाडांना मिठ्या मारल्या, हरकती लिहिल्या. ह्यातली लिहिलेली हरकत जास्त टिकते हे लक्षात ठेवा, कारण सुनावणीत आणि कोर्टात कागदच वाचला जातो.

मुंबईतल्या आरेचं उदाहरण बघा, मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडायची होती. ऑक्टोबर २०१९, हायकोर्टाने याचिका फेटाळल्यावर रात्रीतून तोड सुरू झाली, २९ आंदोलकांना अटक झाली त्यात विद्यार्थी होते. मग लॉच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, तेच याचिका धरून सुप्रीम कोर्टाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवायला सांगितलं. पण तोपर्यंत २,१४१ झाडं पडली होती. पत्राने कोर्ट हललं हे खरं आणि उशीर झाला हेही खरं, म्हणून मी म्हणतो नोटिसीवर लक्ष ठेवा.

दुसरं दार ग्रामपंचायतीत आणि महापालिकेत आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ठिकाणी जैवविविधता व्यवस्थापन समिती पाहिजे आणि लोकजैवविविधता नोंदवही पाहिजे, म्हणजे तिथल्या झाडं-प्राण्यांची आणि त्याबद्दल लोकांना असलेल्या माहितीची नोंद. एनजीटीने म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली तेव्हा देशभर घाईघाईने वह्या भरल्या गेल्या. तुमच्या डोंगराखालच्या ग्रामपंचायतीत जाऊन ती वही बघायला मागा, आणि बॉटनीची मुलगी म्हणून त्यात काय राहिलंय ते सांगा, पेठच्या ताईने म्हटलं तसं गावातल्या बायकांना बरोबर घेऊन. मग तुम्ही पाहुणे राहत नाही, समितीला तुमची गरज लागते.

आणि जवळच बोरगड आहे ना, रामशेजच्या शेजारी. २००८ ला ते राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झालं, नाशिकच्या पक्षीमित्रांनी आणि आजूबाजूच्या गावांनी आधी कितीतरी वर्षं तिथे काम केलं म्हणून झालं. २००२ ला वन्यजीव कायद्यात ही तरतूद आली आणि सहा वर्षांत नाशिकने ती वापरून दाखवली. म्हसरूळहून ते तुम्हाला सगळ्यात जवळ.

रानवेडी_म्हसरूळ

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. काल ग्रुपला सगळं वाचून दाखवलं. पेठच्या ताईचं वाचल्यावर ते दोघं जण बराच वेळ गप्प होते, मग त्यातलाच एक म्हणाला आधी गावात जाऊ.

ठरलंय ते असं की नवीन रोपं ह्या वर्षी लावायचीच नाहीत. आधीच्या वर्षांची जगलेली शोधून त्यांना आळी करायची आणि जाळरेषा. टेकडी अजून पक्की नाही, ग्रामपंचायत कुठली आणि जागा वनखात्याची की गावाची हे आधी बघतोय. एनएसएसच्या सरांना विचारलं, ते म्हणाले दोन वर्षांच्या २४० तासांत हे काम धरता येईल, त्यामुळे ज्यांना सर्टिफिकेट पाहिजे तेही खूश. अडचण दोन. बीटवरच्या दादा, विळे-दाताळं आम्ही आणायची की रेंजमधून म्हणजे वनक्षेत्रपालांच्या ऑफिसातून मिळतात? आणि मुलींना संध्याकाळच्या गस्तीला घरून सोडत नाहीयेत, त्याचं काय करू?

बीटवरून

दाताळं आणि झोडपणी रेंजला असतात, विळे कमी पडतात ते आणा, हातमोजे प्रत्येकाने स्वतःचे. गस्त संध्याकाळीच पाहिजे असं नाही, वणवे जास्त करून दुपारनंतर लागतात, तर दुपारी दोन ते पाच असा वेळ पत्रात लिहा, एका ठिकाणी चार जणांपेक्षा कमी नको. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून नजर ठेवणं ही पण गस्तच, ज्यांना घरून सोडत नाहीत त्यांना ते काम द्या आणि आमचा नंबर द्या. पत्र दिवाळीच्या आधी टाका, नंतर सगळे बंदोबस्तात अडकतात.

काळजीवाहू_आई

गच्चीवरून बघायला मी पण तयार आहे, आमचं घर डोंगरासमोरच आहे. मुलाला सांगितलंय बूट घेऊन देते.

पेठची_लेक

ताई तुम्ही वाघबारशीला आमच्याकडे या. त्या दिवशी गावचे गुराखी रानात वाघदेवाला नैवेद्य दाखवतात, सगळं गाव जमतं, म्हाताऱ्यांशी बोलायला तोच दिवस चांगला. राबाचा तुकडा पण दाखवते. दहा जणांपर्यंत या, त्यापेक्षा जास्त नको, जेवायचं आमच्याकडेच. मी मेसेज केलाय, त्यात एसटीची वेळ लिहिली आहे, सकाळची पहिली गाडी पकडा कारण आजी ऊन व्हायच्या आत रानातून परत येते.